डोळे मिटले की धडधड वाढते, मग ध्यान करावं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी काही आठवडे मोबाइलवरच्या अ‍ॅपच्या मदतीने ध्यान करतोय. डोळे मिटले की विचार कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, कधी छातीत धडधडतं, कधी उगाचच रडू येतं. त्यामुळे त्याला शंका आलीय की ध्यानाने भावना खरंच आटोक्यात येतात, की आपण त्या नुसत्या दाबून टाकतो? परीक्षेच्या दिवसांत नेमकं काय करावं? आणि त्याचा रूममेट नैराश्यावर औषधं घेतोय, त्याला योग करून औषधं बंद करता येतील का?

कॉलेजच्या मुलामुलींना योग शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हे तीनही प्रश्न मला सतत विचारले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला जे होतंय ते नवशिक्यांपैकी खूप जणांना होतं. दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल, मित्र, रील्स, कानात गाणी यांत लक्ष बाहेर गुंतलेलं असतं. डोळे मिटले की हे सगळं एकदम थांबतं आणि आत जे आधीपासून चालू होतं ते कळायला लागतं. रडू येण्यामागे बऱ्याचदा साठलेला शीण आणि अपुरी झोप असते. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दात-ओठ खाऊन तसंच बसून राहावं, असंही मी सांगणार नाही. तुमच्या बाबतीत सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झालीय.

योगाच्या आठ अंगांचा क्रम बघा: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. ध्यान सातवं आहे. अ‍ॅप पहिल्याच दिवशी तुम्हाला सातव्या पायरीवर बसवतं. पतंजलींनी चित्त विचलित झाल्याची जी सोबतची लक्षणं दिली आहेत ती मला फार नेमकी वाटतात: दुःख, दौर्मनस्य म्हणजे खिन्नता, अंगमेजयत्व आणि श्वास-प्रश्वास. म्हणजे पहिली दोन मनाची, पुढची दोन सरळसरळ शरीराची. अंग थरथरणं आणि श्वासाची लय बिघडणं.

व्हायवाच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या मुलांकडे एकदा नीट बघा. कुणी फाइलची कड नखाने सोलतंय, कुणाचा पाय एकसारखा हलतोय. जबडा आवळलेला, खांदे कानांकडे चढलेले, तळवे ओलसर. श्वास गळ्याखालच्या हाडापाशी वर-खाली होतोय आणि पोट जवळजवळ हलतच नाही. त्यांना विचारलंत तर पुष्कळ जण म्हणतील, ‘नाही, ठीक आहे, टेन्शन नाहीये.’ ते खोटं बोलत नसतात. शरीराला कळलेली गोष्ट त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नसते. अशा शरीराला मांडी घालून डोळे मिटायला लावलं, तर ते धडधडच करणार.

म्हणून मी विद्यार्थ्यांना ध्यान शिकवताना आधी हालचाल, मग श्वास आणि शेवटी बसणं, असा क्रम ठेवते. या क्रमाला चांगला आधार आहे. अद्वैत वेदांताचे जुने आचार्य गौडपाद यांच्या मांडूक्य कारिका या ग्रंथात सूचना आहे की चित्त लयात जात असेल, म्हणजे सुस्तावत असेल, तर त्याला जागं करा आणि भरकटत असेल तर शांत करा. त्यावरूनच बंगळुरूच्या विवेकानंद योग अनुसंधान संस्थानात डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी ‘आवर्तन ध्यान’ बसवलं. त्यात सावकाश केलेली आसनं आणि शवासनातली विश्रांती आलटून-पालटून येतात. रात्री जागून सबमिशन केलेल्या मुलाचं मन एकाच वेळी सुस्तही असतं आणि भिरभिरतही असतं. त्याला ही अदलाबदल नुसतं बसण्यापेक्षा कितीतरी जास्त मानवते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तुम्ही काय करायचं ते सांगते. उभे राहा. श्वास घेत हात बाजूने वर न्या, सोडत खाली आणा. असं सात-आठ वेळा, घाई न करता. मग कटिचक्रासन, दोन्हीकडे वळत. मग हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन, पाठीची कमान श्वासाबरोबर वर आणि खाली. पाच-सहा मिनिटं एवढंच पुरे. त्यानंतर दोन मिनिटं शवासनात पडा आणि जबडा, खांदे, पोट, तळवे या चार जागा एकेक करून सैल होतायत का ते बघा. होत नसतील तर होत नाहीत. नुसतं बघितलं तरी चालेल.

मग उठून बसा, भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर. मांडीच घातली पाहिजे असं काही नाही. आता श्वास सोडणं हे घेण्यापेक्षा लांब करायचं. घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. दमल्यासारखं वाटलं तर तीन आणि पाच. रोखायचा अजिबात नाही.

श्वास सोडण्यावर एवढा भर का, तर त्याची यंत्रणा आता चांगली ठाऊक आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडतो तेव्हा मंदावतात. सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम पुन्हा लागतो. एरवी आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले की श्वास, ठोके आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया यांची लय जुळते. मनाला ‘शांत हो’ म्हणून ते ऐकत नाही, पण श्वासाचा हा मार्ग आपल्या हातात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये रोज फक्त पाच मिनिटांचा, महिनाभराचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना श्वासाचे प्रकार दिले होते, काहींना नुसतं श्वासाकडे बघण्याचं ध्यान. चिंता सगळ्यांचीच कमी झाली. पण मन प्रसन्न राहण्याच्या बाबतीत श्वासाचे प्रकार करणारे पुढे होते, आणि त्यातही लांब श्वास सोडणारे सर्वांत पुढे.

पाच मिनिटं असा श्वास झाला की पाच-सात वेळा भ्रामरी करा. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, आणि श्वास सोडताना हलका गुंजारव. आवाज मोठा नको. तो वरच्या ओठापाशी, नाकाच्या आत, कपाळाच्या मागे कुठे जाणवतो ते शोधत राहा. ज्यांचं मन एका जागी दहा सेकंद थांबत नाही, त्यांना हा आवाज फार उपयोगी पडतो, कारण लक्ष ठेवायला काहीतरी ठोस मिळतं. आवाज थांबल्यानंतर जी काही क्षणांची शांतता येते, तिथेच बसून राहा. तुमचं ध्यान तिथून सुरू होतं. पहिले काही आठवडे ते तीन-चार मिनिटांचं असलं तरी भरपूर आहे.

डोळे मिटल्यावर पुन्हा धडधडलं तर उघडा. समोर चार-पाच फुटांवर जमिनीकडे नजर सैल ठेवा आणि तळपायांना लागणारी फरशी जाणवून घ्या. उघड्या डोळ्यांनी केलेलं ध्यान कमी दर्जाचं असतं, ही समजूत मनातून काढून टाका.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. भावना दाबणं आणि भावना हाताळणं यातला फरक शरीरात ओळखता येतो. दाबलेल्या रागानंतर चेहरा शांत असतो पण जबडा दुखतो, पोटात गाठ राहते, रात्री तेच प्रसंग फिरून फिरून येतात आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच माणसावर आवाज चढतो. हाताळलेला राग जाणवून घेतलेला असतो. तो कुठे आलाय, किती आलाय, कशामुळे आलाय हे आपल्याला सांगता येतं, आणि मग काय करायचं ते ठरवता येतं.

एक प्रसंग घ्या. प्रोजेक्टचं निम्मं काम तुम्ही केलंय आणि रात्री एक वाजता ग्रुपवर आलेल्या प्रेझेंटेशनमध्ये तुमचं नाव शेवटी, तेही चुकीचं. कान तापतात, श्वास वर चढतो, अंगठा आपोआप टाइप करायला लागतो. रोज थोडा वेळ शरीराकडे बघण्याची सवय असलेल्या माणसाला या टप्प्यावर कान तापलेले कळतात. एवढंच होतं. पण तेवढ्यानेही ‘मला राग आलाय’ असं मनात म्हणायला आणि तीन-चार लांब श्वास सोडायला जागा मिळते. मेसेज पाठवायचा, की सकाळी समोरासमोर बोलायचं, हे तुम्ही ठरवता, तुमचा अंगठा नाही. ध्यानामुळे भावनिक स्वास्थ्य सुधारतं असं जे म्हटलं जातं, त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ माझ्या मते हाच आहे. राग येणारच, आणि या उदाहरणात तो यायलाच हवा.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. ध्यान हे अन्याय सहन करण्याचं साधन म्हणून वापरू नका. कुणी रॅगिंग करत असेल, मार्गदर्शक अपमान करत असतील, कुणी त्रास देत असेल, तर श्वास शांत करा आणि तक्रार करा. ‘मी योग करतो, मला फरक पडत नाही’ असं म्हणत गप्प राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना फरक पडत होता.

तुमच्या वयासाठी योगातली आणखी एक गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते, आणि ती फारशी कुणी शिकवत नाही. पतंजलींनी चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा म्हणजे मनाने अलिप्त राहणं. कॉलेजात सगळ्यात जास्त पोखरतं ते दुःख नव्हे, तुलना. जवळच्या मित्राला कॅम्पसमधून नोकरी लागली, आपल्याला नाही. अभिनंदन करतो, फोटो काढतो, आणि रूमवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. शिवाय असूया वाटली म्हणून स्वतःचीच लाज वाटते, म्हणजे ओझं दुप्पट. अशा वेळी बसण्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्या मित्राला मनासमोर आणा. आधी असूया आहे हे मान्य करा, ती छातीत कुठे टोचते ते बघा. मग त्याने घेतलेले कष्ट आठवा, त्याच्या घरी आज काय आनंद असेल तो आठवा. मन साफ झाल्याचं नाटक करायचं नाही. पहिल्या दिवशी काहीच हलणार नाही. सुरुवात त्या मित्रापासून जड जात असेल तर ज्याच्याविषयी सहज बरं वाटतं अशा माणसापासून करा. मुदिता या चौघींत सगळ्यात अवघड आहे, आणि जमायला लागली की मैत्री टिकते.

संशोधनाचंही थोडं सांगते, कारण ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ असं सैलपणे फार म्हटलं जातं. योगाकडे प्रयोगशाळेतून बघण्याची सुरुवात आपल्याकडे जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंशोधन संस्थेची स्थापना केली ती याच दृष्टीने. तरी आजही योगावरचे बरेच अभ्यास लहान गटांवर झालेले असतात, त्यामुळे मोठे दावे जपून घ्यावेत. ध्यानाच्या बाबतीत केंब्रिज विद्यापीठातला एक अभ्यास मला भरवशाचा वाटतो. तो २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये छापून आला. ६१६ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या समुपदेशन सुविधेबरोबर आठ आठवड्यांचा सजगता-ध्यानाचा (माइंडफुलनेसचा) वर्ग दिला होता, आणि ऐन परीक्षेच्या काळात या गटाचा मानसिक त्रास दुसऱ्या गटापेक्षा कमी निघाला. त्या वर्गात मुलं स्वतःहून आली होती. याउलट ब्रिटनमध्येच आठ हजारांवर शाळकरी मुलांचा एक अभ्यास झाला, त्यात सुमारे निम्म्या मुलांना वर्गात सरसकट असंच ध्यान शिकवलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वयोगट वेगळा आहे हे मान्य, पण मला दोन्ही निकाल एकच गोष्ट सांगतात. हजेरी लावून, सक्तीने ध्यान रुजत नाही. योगाचा तास सक्तीचा करणाऱ्या कॉलेजांनी याचा जरूर विचार करावा. जागा, वेळ आणि चांगला शिक्षक द्या, येणाऱ्यांना येऊ द्या.

परीक्षेचं म्हणाल, तर पेपरच्या आदल्या आठवड्यात ध्यान शिकायला सुरुवात करू नका. नवीन गोष्ट शिकणं हाही ताणच असतो. आधीपासून सराव असेल तर तो तसाच ठेवा, फार तर निम्मा करा, पण सोडू नका. हॉलमध्ये पेपर हातात येण्याआधी तळवे मांडीवर, पाय जमिनीवर आणि पाच-सहा लांब श्वास. येत असलेलं उत्तर ऐनवेळी आठवेना, तर पेन खाली ठेवा, नजर कागदावरून उचला, तीन वेळा श्वास पूर्ण सोडा आणि दुसऱ्या प्रश्नाकडे जा. रात्री झोप लागत नसेल तर योगनिद्रा, म्हणजे पडल्या पडल्या ऐकायच्या विश्रांतीच्या सूचना, ऐका, पण ‘अर्ध्या तासाची योगनिद्रा म्हणजे चार तासांची झोप’ असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. या वयात सात ते नऊ तास झोप लागते आणि ती झोपूनच मिळते.

मन घाबरं असताना कपालभाती आणि भस्त्रिका टाळा. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ज्याला पॅनिकचा त्रास आहे त्याला हे थेट अ‍ॅटॅकसारखं वाटतं. रक्तदाब, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी तर हे प्रकार आणि कुंभक म्हणजे श्वास रोखणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत.

वेळ ठरवताना रोज होणारी एखादी गोष्ट पकडा, जसं अंघोळीनंतर लगेच. रोज पंधरा मिनिटं ही रविवारच्या दीड तासापेक्षा चांगली. चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका, नेहमीइतकंच करा.

काही जणांना मात्र मी एकट्याने डोळे मिटून बसू नका असंच सांगते. पूर्वी मोठा आघात झालेला असेल, आवाज ऐकू येणं किंवा नको तितके संशय येणं असं काही झालं असेल, मूड टोकाचा वर-खाली जात असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग योग, आणि तोही अनुभवी शिक्षकासमोर. दहा-दहा दिवसांची मौन शिबिरं अशा वेळी नकोतच. तुमच्या बाबतीतही, डोळे उघडे ठेवून आणि वर सांगितलेल्या क्रमाने करूनही धडधड वाढतच राहिली, किंवा सलग दोन आठवडे मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली असं असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा. मानसिक आजारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आजार वयाच्या चोविशीपर्यंत सुरू झालेले असतात, असं एका मोठ्या अमेरिकन सर्वेक्षणात दिसलं आहे. म्हणून या वयात वेळेवर दाखवणं फार महत्त्वाचं आहे.

शेवटी तुमच्या रूममेटविषयी. नाही, त्याने योगाच्या भरवशावर औषधं बंद करायची नाहीत. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटायला लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. अचानक थांबवली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असे त्रास होतात आणि आजार उलटू शकतो. डोस कमी कधी आणि कसा करायचा हे त्याचे डॉक्टर ठरवतील. औषधांबरोबर सौम्य योग चालतो, फक्त आपण काय करतोय ते त्याने डॉक्टरांना सांगावं. उदास माणसाला डोळे मिटून बराच वेळ बसवलं तर तो त्याच विचारांत आणखी रुततो, म्हणून त्याच्यासाठी उभ्याने करायची आसनं, चालणं, भ्रामरी हे बरं. संध्याकाळी तुम्ही करता तेव्हा त्यालाही हाक मारा. नाही म्हणाला तर आग्रह नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारा.

आणि तो कधी ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही बोलला, वस्तू वाटून टाकायला लागला, तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतायत का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जात नाहीत, उलट बोलायची वाट मोकळी होते. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, आणि कुणाला सांगणार नाही असं वचन दिलेलं असलं तरी त्याच्या घरच्यांना, वॉर्डनना आणि डॉक्टरांना त्याच रात्री फोन करा.